कटनीचा मुक्काम

शामकांत गेले तेव्हा इंदूताई पीठ चाळत होत्या. भिंगारला छावणीच्या कचेरीत ते कारकून होते. दुपारी टेबलावर डोकं टेकून बसले. शेजारच्यांना वाटलं, डुलकी लागली असेल. चहा आला तरी उठेनात, तेव्हा कळलं. निरोप घेऊन कचेरीतले दोघे टांग्याने नगरला आले आणि दारातच उभं राहून कसंबसं सांगून मोकळे झाले. इंदूताईंनी ऐकून घेतलं. त्यांना "बसा" म्हणाल्या. आत जाऊन उरलेलं पीठ चाळलं, डब्यात भरलं, झाकण लावलं आणि मग हात धुऊन बाहेर आल्या.

गल्लीत हे पुष्कळ दिवस बोललं गेलं. त्या रडल्या नाहीत, हे तर त्याहून जास्त. मोठ्या जाऊबाईंनी पाठीवरून हात फिरवून पाहिला, शेजारणींनी गळ्यात पडून पाहिलं. "मोकळी हो बाई, आत साठवू नकोस," सगळ्या सांगायच्या. इंदूताईंनाही वाटे, यांचं ऐकावं. पण आत काही साठलेलंच सापडेना. हात झोपेत अंगाखाली येऊन बधिर होतो, तो आपला असूनही आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. त्या वेळच्या वेळी उठत, अंघोळ करत, एकटीपुरता भात टाकत आणि तो संपवत. मूलबाळ नव्हतं. वय चाळिशीच्या अलीकडेपलीकडे.

वर्षश्राद्ध झाल्यावर सुमंत आला. सुमंत म्हणजे शामकांतांचा चुलतभाऊ. त्याची लहानशी यात्रा कंपनी होती. थंडीच्या दिवसांत एक बस भाड्याने घ्यायची, नगर, राहुरी, पारनेरकडची हौशी आणि भाविक माणसं गोळा करायची आणि कधी दक्षिणेत, कधी काशीकडे फिरवून आणायची. बसच्या टपावर पातेली, स्टोव्ह, पोळपाट, धान्याची पोती. त्याची जुनी स्वयंपाकीणबाई मुलीच्या बाळंतपणाला गेली होती.

"वहिनी, तुम्ही चला," तो म्हणाला. "चार ठिकाणं बघाल, मन रमेल. लोक पैसे मोजून जातात, तुम्हाला तर घरबसल्या चालून आलंय."

इंदूताईंना ठिकाणं बघायची नव्हती आणि मन रमवायचंही नव्हतं. पण नाही म्हणायला काही कारणही सापडेना, म्हणून त्या गेल्या.

पहिली यात्रा दक्षिणेची. बस थांबली की यात्रेकरू देवळाकडे किंवा समुद्राकडे पळायचे आणि इंदूताई धर्मशाळेच्या मागच्या अंगाला. तिथे तीन दगड मांडायचे, लाकडं पेटवायची, माणसं परत यायच्या आत वरणभात उतरवायचा. रामेश्वर म्हटलं की त्यांना ओली लाकडं आणि डोळ्यांत जाणारा धूर आठवायचा. उटीला थंडीबरोबर तुरीच्या डाळीनेही छळलं. कितीही उकळा, शिजता शिजेना. कन्याकुमारीला सूर्यास्त बघून आलेली माणसं नुसती भारावून गेली होती, आणि त्या सगळ्यांना एकदम चहा हवा होता.

"इंदूताई, तुम्ही भाग्यवान हं," कुणीतरी बाई हातात पेला घेऊन म्हणायची. "या निमित्ताने सगळं घडतंय तुम्हाला."

"हो ना," इंदूताई म्हणायच्या.

त्यांच्या हाताखाली आक्काबाई होती. राहुरीकडची शेतकरी घरातली बाई, इंदूताईंहून पाच-सात वर्षांनी मोठी, अंगाने काटक. पाणी भरायचं, भाज्या चिरायच्या, भांडी घासायची, हे तिचं काम. ते हातासरशी उरकून ती पदर खोचायची आणि निघायची, गावात जे काही असेल ते बघायला. तिला देऊळ चालायचं, बाजार चालायचा, हत्ती चालायचा, परक्या बायकांचं भांडण चाललं असेल तर तेही उभं राहून बघायची. परत आली की इंदूताईंच्या शेजारी उकिडवी बसून सांगायला लागायची.

"समिंदर बगितला, इंदूताई. लई मोटा. पन त्याला खळ न्हाई बगा. सारकं यायचं आन जायाचं. म्हस रवंथ करती न्हवं, तसं चाललंय त्याचं."

"मिठाचा डबा द्या जरा," इंदूताई म्हणायच्या.

"तुमी चला की एकडाव. मी बसते चुलीपाशी."

"उद्या जाऊ."

उद्या बस दुसऱ्या गावाला असायची. आक्काबाईने कधी वाईट वाटून घेतलं नाही. पुढच्या गावी ती पुन्हा तितक्याच तपशिलाने सांगायची. दोन हिवाळे असे गेले. हा सगळा देश इंदूताईंनी आक्काबाईच्या तोंडून ऐकला, आणि ऐकलेलंही फारसं मनात राहिलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे एकाहत्तरची लढाई नुकतीच संपली होती तेव्हा, सुमंतने काशीप्रयागची यात्रा काढली. बस नागपूरवरून जबलपूरला आली. तिथे भेडाघाटला नर्मदेच्या दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे आहेत. लोक नावेत बसून ते बघायला गेले, आणि नवल म्हणजे आक्काबाई गेली नाही. अंगावर घोंगडी ओढून बसच्या सावलीला पडून राहिली.

"आक्काबाई, बरं नाही का?"

"काय न्हाई. अंग कसकसतंय. जाईल."

गेलं नाही. दुसऱ्या दिवशी चालत्या बसमध्ये तिचा ताप इतका चढला की ती असंबद्ध बोलायला लागली. म्हशीला हाका मारू लागली, पाट फुटलाय म्हणून उठू लागली. रस्त्यावर पहिलं मोठं गाव लागलं ते कटनी. सुमंतने बस सरकारी दवाखान्यापाशी नेली. डॉक्टरांनी तपासलं, विषमज्वर आहे म्हणाले, दोनतीन आठवडे हलवता येणार नाही.

सुमंत दवाखान्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसला. बसमधली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती. प्रयागला माघातल्या स्नानाचा दिवस गाठायचा होता, त्यासाठी तर सगळे आले होते.

"छगनला ठेवतो इथं," तो म्हणाला. छगन हा बसचा क्लीनर, मिशा पिकलेला, भरवशाचा माणूस. "येताना आक्काबाईंना घेऊन जाऊ."

"बाईमाणसाजवळ छगन काय करणार?" इंदूताई म्हणाल्या. "मी राहते."

"वहिनी, तुम्ही राहिलात तर एवढी माणसं खाणार काय?"

"छगनला खिचडी येते. पोळ्या बायका लाटतील. घरी लाटतातच की."

सुमंतने पुष्कळ समजावलं. इंदूताईंचं आक्काबाईवर किती प्रेम, असं बसमधल्या बायका आपसात म्हणू लागल्या. एकीने तर डोळे पुसले. खरं म्हणाल तर इंदूताईंना तेव्हा प्रेमबीम काही जाणवलं नव्हतं. पुन्हा त्या बसच्या पायऱ्या चढायच्या, हे त्यांच्या पायांना नको झालं होतं, एवढंच. त्यांनी एक पातेलं, एक स्टोव्ह, थोडे मूग आणि तांदूळ उतरवून घेतले. बस गेली. रस्त्यावरची धूळ खाली बसेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

कटनी हे काही कुणी मुद्दाम उतरावं असं गाव नाही. मोठं जंक्शन आहे, पण ते गाडी बदलण्यापुरतं. आसपास चुन्याच्या भट्ट्या. त्यांची पांढरी भुकटी झाडांच्या पानांवर, कौलांवर, बैलांच्या पाठीवर बसलेली. दवाखान्याची इमारत बैठी, समोर लांब व्हरांडा. नातेवाईक मंडळी तिथेच चुली मांडून राहायची. इंदूताईंनीही एका खांबाशी बिऱ्हाड मांडलं. सकाळी मुगाचं कढण करायचं, चमच्याने आक्काबाईला पाजायचं, तिचं अंग पुसायचं, कॅप्सूल द्यायची, लुगडं धुवायचं. मग बराच वेळ काहीच नसायचं.

हा रिकामा वेळ पहिल्यांदा त्यांच्या अंगावर आला. चहा मागायला कुणी नाही, पन्नास माणसांची कणीक मळायची नाही. त्या खांबाला टेकून बसायच्या. समोर मालगाड्या मागेपुढे व्हायच्या, डबे एकमेकांवर आदळायचे. त्या बघत राहायच्या. दोन दिवसांनी त्या उठून भाजी आणायला म्हणून बाजारापर्यंत गेल्या आणि येताना रस्ता चुकल्या. चुकल्या त्या एका तळ्यापाशी आल्या. एक माणूस तळ्यात म्हशी धूत होता. एकेका म्हशीची पाठ दगडाने घासायचा, तिच्या कानात पाणी जाऊ नये म्हणून कान हाताने मिटायचा, मग दुसरी घ्यायचा. इंदूताई तिथल्या दगडावर बसल्या. सगळ्या म्हशी धुऊन होईपर्यंत बसल्या. त्यात मन हेलावण्यासारखं काही नव्हतं आणि ते हेलावलंही नाही. पण आपण हे बघतो आहोत, एवढं त्यांना कळत होतं. येताना पिशवीतला एक पेरू काढून त्यांनी रस्त्यातच खाल्ला. भूक लागली होती म्हणून. घासामागून घास संपवणं वेगळं आणि भूक लागणं वेगळं, आणि ही मधली तीन-चार वर्षं आपल्याला भूक लागलीच नव्हती, हे त्यांना पेरू संपल्यावर लक्षात आलं.

शेजारच्या खांबाशी एक म्हातारी होती. सून आत खाटेवर होती. म्हातारी दिवसभर तांदूळ निवडायची आणि बोलायची. तिची बोली इंदूताईंना निम्मी कळायची, इंदूताईंची हिंदी तिला त्याहून कमी. एके सकाळी म्हातारीने सहज विचारलं,

"और तुम्हारे आदमी? वो का करत हैं?"

इंदूताईंचा हात कढण ढवळता ढवळता थांबला. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. नगरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. यात्रेत कपाळ बघून लोक समजायचे किंवा सुमंत आधीच हलक्या आवाजात सांगून ठेवायचा. त्यांच्यावर स्वतःच्या तोंडाने ते वाक्य उच्चारायची वेळच आली नव्हती.

"नहीं हैं," त्या म्हणाल्या. मग म्हातारीला कळलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाल्या, "गुजर गए. ऑफिस में. बैठे बैठे."

म्हातारीने मान हलवली. "हमारे भी," ती म्हणाली, आणि तांदळातला खडा उचलून बाहेर टाकला.

तेवढंच. इंदूताईंनी कढण उतरवलं, गाळलं, आत जाऊन आक्काबाईला पाजलं, वाटी विसळून पालथी घातली. रडू तेव्हाही आलं नाही. फक्त त्या दिवशी जेवण झाल्यावर व्हरांड्यात आडव्या झाल्या त्या गाढ झोपल्या. गाड्यांच्या शिट्ट्या चालू होत्या, माशा होत्या, शेजारी कुणाचं तान्हं किंचाळत होतं, आणि त्या ऊन उतरेपर्यंत झोपून राहिल्या. म्हातारीने त्यांच्या अंगावर आपली गोधडी टाकली होती.

आक्काबाईचा ताप उतरला तेव्हा ती निम्मी झाली होती. डोक्याचे केस मुठीने गळत होते. बसती झाल्यावर पहिल्यांदा तिने विचारलं, "काशी आली का?"

"नाही. कटनी."

"हितं काय हाय?"

इंदूताईंनी जरा विचार केला. मग त्यांनी तिला सांगितलं, चुन्याच्या भट्ट्यांचं, पांढऱ्या झाडांचं, तळ्याचं, म्हशी धुणाऱ्या माणसाचं. तो कान कसे मिटतो, तेही सांगितलं. आक्काबाई डोळे मिटून ऐकत होती.

"चांगला मानूस दिसतोय," ती म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली.

काशीहून परतताना सुमंतने दोघींना बसमध्ये घेतलं. यात्रेकरूंनी आक्काबाईला गंगाजलाची एक लहान बाटली दिली. म्हातारीला सांगून निघावं म्हणून इंदूताई गेल्या, तर बऱ्या झालेल्या सुनेला घेऊन ती, इंदूताई आत आक्काबाईचं आवरत असतानाच, गावी निघून गेली होती. खांबाशी चुलीचे तीन दगड तेवढे होते.

नगरला आल्यावर शेजारच्या नीलांबरीबाईंनी इंदूताईंना गाठलं. नीलांबरीबाई शाळेत शिकवायच्या आणि महिला मंडळ चालवायच्या. मंडळात 'मला आवडलेलं ठिकाण' असा कार्यक्रम ठेवला होता. "तुमच्याइतकं फिरलेलं आपल्याकडे कोण आहे? पाचच मिनिटं बोला," असं म्हणून त्यांनी इंदूताईंना नेऊन बसवलं. एक बाई काश्मीरच्या शिकारा नावेवर बोलली. दुसरीने महाबळेश्वरची वळणं, धुकं आणि स्ट्रॉबेरी अशी रंगवली की बायकांच्या तोंडाला पाणी सुटलं. मग इंदूताई उभ्या राहिल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून नीट केला.

"मला कटनी आवडलं," त्या म्हणाल्या.

"कुठं आलं हे?" मागून कुणीतरी विचारलं.

"जबलपूरच्या पुढे."

"काय आहे तिथे बघण्यासारखं?"

"काही नाही," इंदूताई म्हणाल्या. एकदोघी हसल्या. त्यांना वाटलं, पुढे काही गंमत येईल. "चुन्याच्या भट्ट्या आहेत. तळं आहे. दवाखान्याला मोठा व्हरांडा आहे. तिथे मला झोप लागली."

बायका वाट बघत राहिल्या. पण इंदूताईंचं सांगून झालं होतं. त्या बसल्या. नीलांबरीबाईंनी पटकन टाळ्या वाजवल्या, मग इतरांनीही वाजवल्या आणि चहा आला. जाताना नीलांबरीबाई हळूच म्हणाल्या, "काशीचं सांगायचं होतं हो." इंदूताई म्हणाल्या, "काशी मी पाहिली नाही." ते खरंच होतं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. आदल्या वर्षीही जेमतेमच होता. बहात्तरच्या दिवाळीपर्यंत विहिरींचे तळ दिसायला लागले, गावोगावी खडी फोडायची कामं निघाली. असल्या दिवसांत यात्रेला कोण निघतो. सुमंतने बस घेतली नाही. इंदूताईंना एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. तिथे मुलींना सुकडीचं गोड पीठ आणि परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी द्यायच्या. भाकरी थापताना मोडायची, पाणी उकळून पीठ भिजवावं लागायचं. त्या ते करत होत्या. आधीचं जसं करत होत्या, तसंच हेही.

उन्हाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी त्या राहुरीला आक्काबाईकडे गेल्या. एसटीतून उतरल्या तर आक्काबाई स्टँडवरच उभी होती, डोक्यावर केस आखूड, पांढरे, नव्याने उगवलेले. ती आणि तिचा नवरा कारभारी दोघेही खडीवर जात होते. तिच्या हाताची बोटं चिंध्यांनी बांधलेली होती.

"घरी बसून काय करायचं," ती म्हणाली. "चला, तुमाला धरन दावते. नगरची मानसं येत्यात बगायला, डबं घिऊन."

मुळा नदीवरचं धरण नुकतंच झालं होतं. दोघी एका ट्रॅक्टरमागे बसून गेल्या आणि भिंतीवर चढल्या. पाणी दुष्काळामुळे आटत आत गेलं होतं. कडेने भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा, मधे करड्या रंगाचं पाणी, वर पांढरं ऊन. खरंच काही माणसं आली होती. एक कुटुंब सतरंजी टाकून बसलं होतं, एक जण बायकोला भिंतीच्या टोकाशी उभी करून फोटो काढत होता.

आक्काबाई पाण्याकडे बघत उभी राहिली.

"आमचं गाव हितं हुतं," ती म्हणाली.

इंदूताईंनी तिच्याकडे पाहिलं. यात्रेच्या एवढ्या दिवसांत तिने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"कुठं?"

"ह्या अंगाला." तिने हात केला. मग तो थोडा सरकवला. "न्हाई, त्या. वढा हुता, वढ्याच्या वर चिच हुती. चिचंपासनं डाव्या हाताला आमची इहीर. आता चिच न्हाई तर डावा हात कुनाचा धरायचा?" तिने पुन्हा हात सरकवला. डोळ्यांवर पंजा धरून ती बराच वेळ शोधत राहिली. पाणी सगळीकडे सारखंच होतं. "मी पानी अडवल्यापासनं आलेच न्हवते बगा. आमचं हे येत्यात. मी न्हाई आले."

"सापडतंय का?"

"न्हाई."

तिचा आवाज कोरडाच होता. इंदूताईंना तो आवाज ओळखीचा वाटला. त्या तिच्या शेजारी, उन्हाने तापलेल्या दगडांवर बसल्या. थोड्या वेळाने आक्काबाईही बसली. सतरंजीवरची एक बाई उठून आली आणि अदबीने विचारू लागली, "मावशी, तुम्ही इथल्याच का? इथं अजून काय बघण्यासारखं आहे हो?"

आक्काबाईने तिच्याकडे वर पाहिलं. "पानीच हाय बाई," ती म्हणाली. "त्येच बगा."

ती बाई हसून परत गेली.

"ते बघा," इंदूताई एकदम म्हणाल्या. लांब, गाळाच्या कडेला एक बगळा उभा होता. "तो उभा आहे तिथे धरू या?"

"काय?"

"तुमची विहीर."

आक्काबाईने बगळ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पलीकडच्या डोंगराकडे बघून मनाशी काही अंदाज घेतला. "लई लांब हुतंय," ती म्हणाली. "जरा अलीकडं धरा."

"बरं. अलीकडे."

दोघी त्या अलीकडच्या जागेकडे बघत राहिल्या. मग इंदूताईंनी पिशवीतून भाकरी काढली, बांधलेल्या बोटांना तोडता येणार नाही म्हणून तिचे तुकडे केले आणि चटणी मधे ठेवली. आक्काबाई खाता खाता सांगू लागली, विहिरीला किती पुरुष खोल पाणी होतं, मोट कोण हाकायचं, चिंचेला फळ कसं धरायचं. इंदूताई ऐकत होत्या. मधेच एकदा त्यांनी विचारलं, "आणि घराचं तोंड कुठं होतं?" आक्काबाईने ते सांगितलं. फोटो काढणारा माणूस त्यांच्या पाठीमागून गेला. परतीची एसटी चारला होती. तोवर बराच वेळ होता.